ज्युदोचा बिगिनर कोर्स: आधी पडायला शिकवतात का ते बघा

मोठ्यांसाठीचा ज्युदोचा बिगिनर कोर्स नुकताच संपवला, आणि तेव्हापासून जो भेटतो तो विचारतोय कसा आहे, लागतं का, आता या वयात झेपेल का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली थोडी कुरकुर पण आहे, आणि तसंही हा कोर्स कुठेही केलात तरी ढोबळ साचा हाच असतो, त्यामुळे तुम्ही ज्या क्लासला जायचा विचार करताय तिथे हेच मुद्दे लावून बघा. घाईत असाल त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. त्यातले तीन नुसते ब्रेकफॉल, म्हणजे न लागता पडणं, शिकवण्याचे आहेत.

ज्यांनी ज्युदो कधीच बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघंजण जाड कॉटनचा ड्रेस घालून मॅटवर उभे राहतात, एकमेकांच्या कॉलरला आणि बाहीला धरतात आणि समोरच्याला तोल घालवून पाठीवर आपटतात. जमिनीवर गेल्यावर दाबून धरणं, गळा आवळणं आणि कोपर लॉक करणं चालतं. ठोसे लाथा नाहीत, म्हणजे जुन्या काता (ठरलेल्या हालचालींचा सराव) प्रकारात प्रहार आहेत पण सामन्यात अजिबात नाहीत. त्यामुळे "कराटेसारखंच ना?" असं विचारणाऱ्यांना आता मी फक्त नाही म्हणते आणि विषय बदलते.

कोर्सच्या पहिल्या तासाला सरांनी इतिहास पाचेक मिनिटांत उरकला आणि मला ते आवडलं, कारण काही ठिकाणी म्हणे अर्धा तास भाषणच चालतं. जिगोरो कानो नावाचा अंगाने किरकोळ मुलगा, त्याने जुजुत्सुच्या, म्हणजे जपानच्या जुन्या झटापटीच्या कलेच्या, दोन घराण्यांमध्ये, तेनजिन शिन्यो आणि कितो, शिक्षण घेतलं, आणि १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात जेमतेम बारा चटयांच्या जागेत स्वतःची शाळा काढली, तीच कोदोकान. तेव्हा तो विशीत नुकता आलेला. जुजुत्सुमधले जे डाव पूर्ण ताकदीने केले तर समोरचा कायमचा अधू होईल ते त्याने सरावातून बाजूला काढले आणि जे राहिले ते रोज, खऱ्या जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर करता येतील असे बसवले. हे ऐकताना साधं वाटतं पण सगळी मेख इथेच आहे. हवेत वार करून किंवा मुद्दाम पडणाऱ्या पार्टनरवर डाव करून स्वतःला लय भारी समजायची सोयच ज्युदोत राहत नाही, समोरचा खरंच अडवत असतो आणि तुमचा डाव लागला की नाही हे दोघांनाही लगेच कळतं.

आता मुख्य मुद्दा, पडणं. उकेमी म्हणतात त्याला, आमच्याकडे सगळे ब्रेकफॉलच म्हणायचे. सुरुवातीचे कितीतरी तास आम्ही कोणाला हातसुद्धा लावला नाही, फक्त पडलो. आधी आडवं झोपून दोन्ही हात मॅटवर मारायचे, मग बसून मागे, मग उकिडवं बसून मागे, आणि बऱ्याच नंतर उभ्याने. मागे पडणं, दोन्ही बाजूंना पडणं, पुढे तोंडावर पडणं आणि खांद्यावरून तिरका रोल, असे चार प्रकार. बॅचमधले दोघं तरुण पोरं याच टप्प्यात कंटाळून गळाली, त्यांना पहिल्याच दिवशी ऑलिम्पिकसारखं कोणालातरी उचलून आपटायचं होतं.

मॅडम (दोन शिक्षक होते, सर आणि मॅडम, पडण्याचा भाग मॅडमकडे) प्रत्येकाच्या मागे फिरून दोनच गोष्टी बघायच्या. एक हनुवटी, दोन हात. पडताना हनुवटी छातीला लावून नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे झटकत नाही आणि मॅटला लागत नाही. आणि हात शरीरापासून साधारण तीस ते पंचेचाळीस अंशावर, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट आपटायचा, पाठ टेकते त्याच क्षणी, आधी नाही नंतर नाही. हात जास्त लांब गेला तर खांद्याला झटका बसतो, अगदी अंगाजवळ राहिला तर स्वतःच्याच हातावर पडता. आणि मागे हात टेकून स्वतःला सावरायला गेलात तर मनगट नाहीतर कोपर गेलंच समजा. आपल्या सगळ्यांची उपजत सवय नेमकी तीच असते, हात टेकायची, म्हणून ती मोडेपर्यंत तेच तेच करून घेतात. बरोबर जमलं की धप्प असा मोकळा आवाज येतो आणि अंगाला काहीच कळत नाही, चुकलं की आवाज बसका येतो आणि पोटातला श्वास जातो. नंतर नंतर डोळे मिटूनसुद्धा नुसत्या आवाजावरून कळायचं कोण नीट पडलं.

याला इतकं महत्त्व का देतेय तर ज्युदोमधली सगळ्यात वाईट दुखापत डोक्याची असते आणि ती नवशिक्यांनाच जास्त होते. जपानमध्ये शाळांमधल्या ज्युदोत डोक्याला मार लागून मुलं दगावली आहेत, २०१२ पासून तिथे ज्युनियर हायस्कूलमध्ये मार्शल आर्ट सक्तीचं झालं तेव्हा या विषयावर बराच वाद झाला होता. ओसोतोगारी नावाचा डाव आहे, पाय मागून कापून सरळ मागे पाडतात, तो शिकायला सोपा म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी शिकवतात आणि डोकं आपटायचा धोका नेमका त्यातच जास्त. त्यामुळे तुम्ही बघायला गेलेल्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात नवीन लोकांवर ओसोतो मारत असतील तर सरळ बूट घालून घरी या, बाकी कितीही मेडल भिंतीवर लावलेली असोत.

आमच्याकडे ओसोतो शिकवला पण उशिरा, आणि पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही हे डोक्यात ठोकून ठोकून. फेकणारा बाही धरून वर ओढतो म्हणून पडणाऱ्याचं डोकं वर राहतं. म्हणजे पार्टनरला सुखरूप खाली ठेवणं हा डावाचाच भाग आहे. कानोंची दोन मुख्य तत्त्वं आहेत ना, ताकद योग्य ठिकाणी लावणं आणि दोघांचाही फायदा, त्यातलं दुसरं मला भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटायचं, पण माझी बाही वर ओढून धरणारी सीनियर बघितली तेव्हा त्याचा रोजचा उपयोग कळला.

फेकण्याकडे येऊ. सगळे डाव तीन टप्प्यांत शिकवतात, कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल काढायचा, त्सुकुरी म्हणजे स्वतः योग्य जागी शिरायचं, काके म्हणजे फेकून मोकळं व्हायचं. नवीन माणूस पहिला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि मग कमरेतून वाकून नुसती ओढाओढ. सरांनी यावर छान उपाय केला होता, सुरुवातीला डाव करायचाच नाही, फक्त बाही आणि कॉलर धरून समोरच्याचं वजन त्याच्या एका टाचेवर किंवा एका चवड्यावर आणून दाखवायचं, बास. मी समोरच्या मुलाची उजवी बाही माझ्या कमरेकडे खाली ओढली, कॉलरच्या हाताने त्याच्या खांद्याला हलकंसं मागे रेटलं, आणि त्याच्या उजव्या पायाची बोटं मॅटवरून उचललेली मला दिसली. तो माझ्यापेक्षा चांगलाच जड, पण त्या क्षणी तो एका टाचेवर उभा होता आणि एका टाचेवर कोणीच जड नसतं! त्याच्यापुढे पाय कापणं हे पाच टक्के काम.

ओगोशी (कमरेवरून), इप्पोन सेओईनागे (खांद्यावरून), ओसोतो, देआशीबाराई (चालत्या पायाला झाडू), आणि शेवटी शेवटी ताईओतोशी (पाय आडवा टाकून), एवढेच डाव कोर्समध्ये. काही लोकांची तक्रार होती की फार कमी शिकवले, कोदोकानच्या यादीत फेकण्याचे ६८ आणि जमिनीवरचे ३२ असे शंभर डाव आहेत म्हणे. अहो पण टॉपचे खेळाडूसुद्धा स्पर्धेत मोजकेच डाव मारतात, त्यांचा एखादा हुकमी डाव असतो आणि तोच दहा वेगवेगळ्या रस्त्यांनी आणतात. मला एक देआशी जरी झोपेत जमायला लागला तरी मी पेढे वाटीन. तो डाव दिसायला काहीच नाही, समोरचा पाऊल टाकतो, पायावर वजन येणार असतं पण अजून आलेलं नसतं, तेवढ्या फटीत तळव्याने पाय झाडायचा. जरा लवकर गेलं तर तो पाय मागे घेतो, जरा उशीर झाला तर खांबाला लाथ मारल्यासारखं होतं आणि नडगी आपली.

उचिकोमी हा प्रकार मात्र रटाळ आहे, खोटं कशाला बोलू. डावात शिरायचं, फेकायचं नाही, परत बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं, असं घाम गळेपर्यंत. त्याशिवाय पाय आपोआप पडत नाहीत हे मान्य, पण आमच्याकडे हे एकाच लयीत, एकाच जागी उभं राहून करून घेतात आणि समोरचा पुतळ्यासारखा उभा. खऱ्या झटापटीत कोणी असं उभं राहतं का? चालता चालता करून घेतलं असतं तर तेच कष्ट जास्त कामी आले असते. इथे अर्धा स्टार कापला.

रांदोरी म्हणजे खरी झटापट. याची आधी जाम धास्ती होती, वाटलं आता हाडं मोडणार. पण उलट निघालं, सर्वात सुरक्षित मला सीनियर लोकांबरोबर वाटायचं. तपकिरी बेल्टवाला एक काका होता, तो मला मुद्दाम जागा देऊन डाव लागू द्यायचा, आणि मी ताठ हात करून त्याला लांब ढकलत राहिले की हसून म्हणायचा, "अगं पड की, पडलीस तर काय होतंय?" आणि खरंच, पडायची भीती गेल्यावरच हात सैल होतात, आणि हात सैल झाल्यावरच समोरच्याची हालचाल बाहीतून कळायला लागते. धोका कुणाचा, तर नवशिक्या विरुद्ध नवशिका, दोघांनाही जिंकायचं, दोघंही श्वास रोखून, आणि मग एक जण वेडावाकडा दुसऱ्याच्या गुडघ्यावर पडतो. आमच्या बॅचला एकदा अशीच नवी जोडी वजनाचा काही विचार न करता लावली आणि बारीक मुलीचा गुडघा मुरगळला. थोडक्यात निभावलं पण शिक्षकांनी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं, बोललेही आम्ही तसं, आणि नंतर जोड्या वजन बघून लागायला लागल्या.

जमिनीवरचं काम, ने वाझा, याला वेळ कमी दिला. केसागातामे, म्हणजे बाजूला बसून मानेभोवती हात घालून आणि समोरच्याचा एक हात काखेत पकडून दाबणं, आणि योकोशिहो, म्हणजे बाजूने आडवं पडून दाबणं, झालं. त्यातून सुटायचे दोनतीन मार्ग. गळा आणि कोपर फक्त दाखवले, करायला दिले नाहीत, बिगिनरला ते ठीकच आहे, लहान मुलांच्या गटांमध्ये तर बहुतेक ठिकाणी त्यावर बंदीच असते. पण टॅप करायला मात्र पहिल्याच दिवशी शिकवलं, दोनदा थापटायचं, समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर, आणि थापटलं की त्याच क्षणी सोडायचं, त्यात "एक सेकंद अजून" नाही. ब्राझिलियन जिउजित्सु करणारे ज्युदोवाल्यांना जमिनीवर येत नाही म्हणून चिडवतात, पण त्यांचंही मूळ इथलंच, कोदोकानमध्ये शिकलेला मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला आणि त्याच्याकडून ते ग्रेसी कुटुंबात पोचलं.

नियमांचं एक वेगळं सेशन होतं आणि ते फार कामाचं निघालं, टीव्हीवर सामना बघताना आता डोक्याला ताप होत नाही. सामना चार मिनिटांचा. जोरात, वेगाने, ताबा ठेवून पाठीवर टाकलं की इप्पोन, खेळ खल्लास, आपल्या भाषेत चितपट. थोडं कमी पडलं तर वाझाआरी, दोन वाझाआरी मिळून इप्पोन. त्याखालचा युको २०१७ च्या नियमांत काढून टाकला होता तो २०२५ पासून परत आला. दाबून वीस सेकंद धरलं तरी इप्पोन, दहा सेकंदाला वाझाआरी, पाचला युको. वेळ संपून बरोबरी असेल तर गोल्डन स्कोर, त्याला वेळेची मर्यादाच नाही, दोघंही अक्षरशः रडकुंडीला येईपर्यंत चालतं. नुसतं टाळाटाळ केली की शिदो म्हणजे दंड, तीन शिदोला बाद. आणि उभ्याने लढताना पायाला हात लावायचा नाही, हे २०१० मध्ये कडक केलं आणि २०१३ पासून पूर्णच बंद. गंमत बघा, कानोंनी स्वतः बसवलेला कातागुरुमा, समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा, त्याचं मूळ रूप पायाला धरल्याशिवाय होत नाही, त्यामुळे संस्थापकाचा डाव आंतरराष्ट्रीय मॅटवर चालत नाही. मला हा नियम काही पटलेला नाही, पण सर म्हणाले त्याशिवाय सगळे वाकून पाय पकडायलाच बसले होते, असेल बुवा.

याच सेशनमध्ये मॅडमनी रस्टी कानोकोगी या अमेरिकन ज्युदोपटूची गोष्ट सांगितली आणि बॅचमधल्या आम्ही बायका एकदम सरसावून बसलो. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वायएमसीएच्या स्पर्धेत ही बाई छातीला पट्टी बांधून, केस कापून, पुरुषांच्या टीममध्ये उतरली आणि आपला सामना जिंकली, मग आयोजकांनी विचारलं तू बाई आहेस का, तिने हो म्हटलं, मेडल काढून घेतलं. पुढे याच बाईने खटपट करून १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. पुरुषांचा ज्युदो ऑलिम्पिकमध्ये १९६४ ला टोकियोत आला, महिलांना पदकं मिळायला १९९२ चं बार्सिलोना उजाडावं लागलं. आणि २०२१ ला टोकियोतच जपानची उता आबे आणि तिचा भाऊ हिफुमी या दोघांनी एकाच दिवशी गोल्ड घेतलं, त्या दिवसाचा व्हिडिओ मिळाला तर नक्की बघा, मी कितीवेळा बघितला ते विचारू नका.

आता ड्रेसबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. कोर्सबरोबर ज्युदोगी मिळाला तो हलका, सिंगल वीव्ह म्हणजे एकेरी विणीचा. सुरुवातीला बरा, वाळतो लवकर, पण धरून ओढल्यावर खांद्याच्या शिवणी लवकर उसवल्या, आणि धुतल्यावर बाह्या इतक्या आटल्या की समोरच्याला धरायलाच काही उरेना. हात समोर ताठ केल्यावर बाही मनगटापर्यंत यायला हवी हा स्पर्धेतला नियम आहे, म्हणून घेताना एक साईज मोठाच घ्या आणि गार पाण्यात धुवा, गरम पाणी आणि ड्रायर विसरा. कराटेचा ड्रेस घरात पडलाय तोच वापरू का असं विचारणाऱ्यांनो, नका, पहिल्याच सेओईनागेला टर्रकन फाटेल. बायकांनी आत पांढरा टीशर्ट घालायचा असतो. निळा ड्रेस लगेच घ्यायची गरज नाही, तो सामन्यात दोघं वेगळे ओळखू यावेत म्हणून आलाय, डच खेळाडू अँटोन गेसिंकचा त्यासाठी आग्रह होता. हा तोच गेसिंक ज्याने १९६४ ला टोकियोत, जपान्यांच्या घरात, ओपन (वजनाची अट नसलेल्या) गटाच्या फायनलला जपानच्या कामिनागाला दाबून धरून गोल्ड घेतलं, आणि त्याचे लोक आनंदाने मॅटवर धावत यायला लागले तर याने पडल्या पडल्या हात वर करून त्यांना थांबवलं.

मॅट चांगल्या होत्या, आपसात घट्ट बसलेल्या, खाली थोडी उसळी देणारा फ्लोअर. तुम्ही बघायला जाल तेव्हा मॅटच्या जोडांवरून अनवाणी पाय फिरवून बघा, फट असेल तर पायाचा अंगठा त्यात अडकतो, आणि अंगठा मोडणं ही ज्युदोतली सगळ्यात फालतू दुखापत. नखं दर तासाला तपासायचे, वाढलेली असली की नेलकटर हातात. मॅट पुसण्यात मात्र चालढकल व्हायची, कधी पुसलेली कधी नाही, आणि जिथे सगळ्यांचे गाल मॅटला घासतात तिथे हे चालणार नाही, त्वचेचे संसर्ग असेच पसरतात. सांगूनही फार फरक पडला नाही. उरलेला अर्धा स्टार इथे गेला.

बेल्टचं वेड असेल तर आधीच सांगते, कोर्स संपल्यावर पिवळ्या बेल्टची परीक्षा देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही. रंगीत बेल्टचा क्रम प्रत्येक देशात थोडा वेगळा, काळ्यापासूनच खरं तर दान, म्हणजे वरच्या श्रेणी, सुरू होतात, आणि सहाव्या दानपासून लाल पांढरा, नवव्या दहाव्याला लाल पट्टा. मी परीक्षा दिली, पास झाले, घरच्यांना वाटलं आता मी कोणालाही लोळवणार, त्यांना समजवायचं सोडून दिलं.

कोणी करावा? ज्यांना जिमचा कंटाळा येतो, ज्यांना स्पर्शाची, धक्काबुक्कीची अडचण नाही, आणि ज्यांना अधूनमधून हरायची तयारी आहे. वय जास्त असेल तर हरकत नाही, आमच्यात पन्नाशीचे दोघं होते आणि ते पोरांपेक्षा नीट पडायचे कारण मुळात सांभाळून करायचे. मानेचा, मणक्याचा किंवा गुडघ्याच्या लिगामेंटचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांना सांगा, लपवू नका. फक्त सेल्फ डिफेन्ससाठी झटपट काहीतरी हवं असेल तर मात्र हा कोर्स निराश करेल, इथे झटपट काहीच नाही, आणि प्रहार तर शिकवतच नाहीत. लहान मुलाला घालायचं असेल तर मुलांची बॅच वेगळी आहे का, आणि तिथे पडण्याचा खेळ करून शिकवतात का, हे एकदा बसून बघा.

बहुतेक क्लब एक ट्रायल क्लास फुकट देतात. जाताना नखं कापून जा, दागिने घरी ठेवा, पूर्ण बाह्यांचा जुना जाड टीशर्ट आणि ट्रॅक पँट चालते, मॅटबाहेर फिरायला चप्पल न्या, आणि शिक्षकांना एकच प्रश्न विचारा, नवीन माणसाला रांदोरीला कधी उतरवता. "तो नीट पडायला लागला की" असं उत्तर आलं तर फॉर्म भरून टाका.